डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या माणसाचं वजन कमी करायचंय? मग हे असं करा

माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आम्ही रत्नागिरीकडचे. त्याचा व्यायाम मीच घेतो म्हणून ओळखीतले आईबाप सारखं विचारतात नक्की काय करता, तर एकदाच सविस्तर लिहितो. डाऊन सिंड्रोममध्ये जन्मतःच एक क्रोमोसोम (गुणसूत्र) जास्तीचा असतो, आणि अशा पोरांचं वजन त्याच्यामुळेच वाढतं असं सगळे धरून चालतात. थोडं खरं आहे, स्नायू मुळात सैल असतात, थायरॉइडची भानगड बऱ्याच जणांना असते, पण बाकीचं वजन "बिचारा" म्हणून भरवणारे आपण वाढवतो हे आधी कबूल करायचं.

सगळ्यात आधी डॉक्टर

हे टाळायचं नाही. जन्मतः हृदयाचा दोष जवळपास निम्म्या मुलांमध्ये असतो, लहानपणी ऑपरेशन झालेलं असलं तरी आता कितपत व्यायाम चालेल ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दरवर्षी करायची. आणि मान! मानेचे वरचे दोन मणके काही जणांचे एकमेकांवर सैल असतात, म्हणून कोलांटी उडी, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, विहिरीत सूर मारणं हे सगळं बंद, डोक्यावर गवताचा भारा नाहीतर हंडा पण द्यायचा नाही. मान दुखायला लागली, चाल बदलली, हातांची पकड गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चालण्यापासून सुरू करा, पण भरती बघून

समुद्र जवळ आहे म्हणून आपण सरळ पुळणीवर नेतो, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत यांचे पाय रुततात, सांधे लवचिक, तळवे सपाट, दहा मिनिटांत पोरगं खाली बसतं आणि मग उठत नाही. ओहोटीची ओली घट्ट वाळू बेस्ट. आता गोची अशी की यांना रोजची वेळ ठरलेली लागते आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला साधारण सहाला भरती आणि पौर्णिमा-अमावास्येला दुपारी अकरा-बाराला, म्हणजे तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. म्हणून वेळ बदलायची नाही, जागा बदलायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच चित्रं चिकटवा, माशाचं चित्र म्हणजे समुद्र, झाडाचं म्हणजे रस्ता. भाचा सकाळी उठून आधी ते बघतो आणि मग घरातल्या सगळ्यांना सांगत सुटतो आज काय आहे ते. ऐनवेळी "चल आज इकडे जाऊ" केलंत की तो गेट धरून उभा, मग तुम्ही कितीही ओढा.

रस्त्यावर चांगले आधार देणारे बूट घालायचे, चप्पल नाही. दम किती लागू द्यायचा? मिनिटाला हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचा जिममधला 220 वजा वयाचा हिशेब इथे लावू नका, यांचे ठोके त्याहून वीस-तीसने कमी पडतात. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग पुरे.

ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा

खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, भिंतीला हात टेकून पुशअप, ओटीची एक पायरी चढ-उतार, पाण्याची लिटरची बाटली दोन हातांत घेऊन उचलणं. जिमची गरज नाही. शिकवायचं मात्र करून दाखवून, तोंडाने भाषण देऊन नाही. एका वेळी एकच सूचना, "बस" म्हणायचं आणि गप्प राहायचं, पाच-दहा सेकंद लागतात त्याला. तेवढ्यात आपण परत परत ओरडलो की बिचाऱ्याची सुरुवातच पुन्हा होते (बघा, माझ्या पण तोंडात तोच शब्द). मोजायचं काम त्यालाच द्या.

पावसाचे चार महिने पडवीत करा. गणपतीच्या आधी वाडीत जाखडीची (आमच्या कोकणातला फेर धरून करायचा नाच) तालीम असते तिथे त्याला फेरात उभा करा, तासभर नाचतो आणि कोणी "व्यायाम कर" म्हणावं लागत नाही.

खाणं, म्हणजे खरी लढाई

घरातलं सोपं आहे. ताट लहान करा, भात एक वाटी, बाकी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजी. बांगडा तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात नाहीतर कालवणात, फक्त खोबरं हात राखून. आंबा खाऊ दे, आमरसाची वाटीवर वाटी नको. आणि ताट फक्त त्याचं बदलून चालत नाही, बाजूला बाप तळलेली सुरमई खातोय आणि पोराला काकडी, असं केलं तर तो रात्री डबे उघडणारच.

अवघड आहे ती वाडी. हा सगळ्यांचा लाडका, प्रत्येक घरात शिरणार आणि प्रत्येक घरातली काकी म्हणणार "खा रं बाला, येका लाडवानं काय व्हतंय". असे पाच घरांचे पाच लाडू संध्याकाळपर्यंत पोटात. भांडू नका, काकीला काम द्या. "काकी, तो आला की त्याला फुलं काढायला घ्या, कोंबड्यांना दाणे टाकायला सांगा, द्यायचंच असेल तर पेरू द्या." माया करायला दुसरी वाट मिळाली की लाडू आपोआप कमी होतात. बक्षीस म्हणून पण खाणं द्यायचं नाही, स्टिकर द्या, आवडतं गाणं लावा.

मोजमाप

वजन महिन्यातून एकदाच. एक किलो कमी झालं तरी उत्तम, काहीच नाही झालं तरी त्याच्यासमोर चेहरा पाडायचा नाही. कंबर टेपने मोजा, उंची कमी असते त्यामुळे बीएमआयपेक्षा (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ते जास्त कळतं. सगळं नीट चाललंय, थायरॉइडची गोळी वेळेवर आहे, तरी वजन वाढतंय आणि पोरगं दिवसा पेंगतंय, रात्री मोठ्याने घोरतंय तर झोपेत श्वास अडकतोय का याची तपासणी करायला सांगा. यांच्यात ते खूप कॉमन आहे, आणि झोपच न झालेल्या माणसाला सकाळी चालायला उठवून काही उपयोग नसतो.