चिकमगळूरच्या कॉफीला नावे ठेवण्यापूर्वी या चुका टाळा

कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या अरेबिका या प्रकारच्या कॉफीविषयी माझ्या कानावर येणाऱ्या तक्रारी दोनच प्रकारच्या असतात : ‘फार कडू लागते’ किंवा ‘काहीच लागत नाही’. या दोन्ही तक्रारींचे मूळ बागेत क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ते पाकिटाच्या मागच्या बाजूला, भाजणाऱ्याच्या यंत्रात किंवा तक्रार करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात असते. या भागातली कॉफी मुळातच सौम्य आहे. बाबाबुडनगिरीच्या उतारांवर साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवर अरेबिकाची झुडपे उघड्या उन्हात नव्हे, तर सिल्व्हर ओक, फणस, शिसवी अशा झाडांच्या सावलीत वाढतात. उंचीवरची थंड हवा आणि डोक्यावरची सावली यांमुळे फळ सावकाश पिकते आणि दाणा चांगला भरतो. चांगल्या दाण्यात आंबटपणा बेताचा, दाटपणा मध्यम आणि मागे कोको किंवा सुक्या मसाल्याची हलकी छटा असते. ही चव झाकून टाकायला फार कष्ट लागत नाहीत, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका नेमके तेच काम करतात.

चिकोरीची चव चिकमगळूरच्या नावावर खपवणे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आणि सर्वांत चिवट चूक आहे. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळे. त्यांत कॅफीन नसते. मात्र भाजलेल्या मुळांतला बराच भाग पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, गडद आणि दाट होते व जळक्या साखरेसारखा कडवटपणा येतो. आपल्याकडच्या अन्न नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजेच जवळपास अर्धे पाकीट चिकोरीचे असले तरी विक्रेत्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. मागची ओळ न वाचण्याची जबाबदारी आपली असते.

माझे एक परिचित सहकुटुंब चिकमगळूरला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी आम्हा चार-पाच जणांना मोठ्या हौसेने कॉफी पाजली. पहिल्या घोटानंतर त्यांनीच निकाल जाहीर केला, की या भागाचे नाव उगाच झाले आहे, कारण कॉफी दाट असली तरी तिला कडवटपणापलीकडे चव नाही. मी पाकीट मागवले. पुढच्या बाजूला डोंगर, धुके आणि मोठ्या अक्षरांत गावाचे नाव होते. मागे, किमतीच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत कॉफी ६० टक्के आणि चिकोरी ४० टक्के असा उल्लेख होता. त्या साठ टक्क्यांत अरेबिका किती आणि रोबस्टा हा कॉफीचा दुसरा मुख्य प्रकार किती, याचा पत्ताच नव्हता. पुढच्या आठवड्यात मी त्यांना त्याच जिल्ह्यातली, मध्यम भाजलेली, निव्वळ अरेबिका करून दिली. त्यावर त्यांचे म्हणणे पडले, की ही पातळ आहे आणि पहिलीच बरी होती. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यात गैर काहीच नाही; चिकोरीची कॉफी आवडणे हा गुन्हा नव्हे. परंतु मग त्या कॉफीच्या गुणदोषांचे श्रेय चिकमगळूरच्या बागांना देऊ नये.

यावर माझी सवय साधी आहे. नव्या बागेची किंवा नव्या विक्रेत्याची कॉफी पहिल्यांदा चिकोरीशिवाय आणि दुधाशिवाय प्यावी. चव ओळखीची झाली, की हवी असल्यास दहा-पंधरा टक्के चिकोरी स्वतः वेगळी आणून मिसळावी, म्हणजे आपण काय मिसळले हे तरी ठाऊक राहते. ‘घरात सगळ्यांना तशीच आवडते’ म्हणून पहिल्याच दिवशी मिश्रण विकत घेणाऱ्यांनी माझ्याकडे प्रदेशाच्या वैशिष्ट्यांविषयी विचारणा करू नये, एवढीच विनंती आहे.

फिल्टरला धक्के मारणे

दुसरी चूक उतावीळपणाची आहे आणि ती नवशिक्यांमध्ये इतकी सार्वत्रिक आहे, की आता ती पाहिल्यावर माझे हात शिवशिवतात. दोन भांड्यांच्या फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात पूड घालायची, छिद्रांची चकती तिच्यावर हलकेच टेकवायची, उकळी उतरलेले पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून बाजूला व्हायचे, एवढेच काम असते. अवघड भाग फक्त बाजूला होण्याचा आहे. पाच मिनिटांत खाली चमचाभरच डिकॉक्शन दिसले, की लोक चकती उचलतात, पूड चमच्याने ढवळतात, भांड्याच्या कडेवर टकटक करतात आणि शेवटी वरून आणखी पाणी ओततात. ढवळल्याबरोबर बारीक कण तळाच्या छिद्रांत जाऊन बसतात व उरलेला प्रवाहही थांबतो, किंवा थर फुटून पाणी एका वाटेने घाईघाईने निघून जाते आणि बाकीची पूड कोरडीच राहते. पहिल्या प्रकारात कॉफी कडू होते, दुसऱ्यात बेचव. लेखाच्या सुरुवातीच्या दोन्ही तक्रारी एकाच भांड्यातून अशा निघतात.

डिकॉक्शन खरोखरच उतरत नसेल, तर दोष बहुधा दळणात असतो. घरातल्या मिक्सरमध्ये दाणे एकसारखे दळले जात नाहीत. अर्धे पिठासारखे होतात आणि अर्धे रव्यासारखे राहतात. हातगिरणी घेणे शक्य नसेल, तर दुकानातून फिल्टरसाठीचे दळण करून घ्यावे, पण ते थोडेच घ्यावे. चकती दाबून बसवणे हेही कारण असू शकते. ती पुडीला टेकावी, पुडीची वीट करू नये. मी स्वतः तीन मोठे चमचे पुडीला सव्वाशे मिलिलिटर पाणी घेतो, प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी ओतून अर्धे मिनिट थांबतो, मग उरलेले पाणी सावकाश ओततो आणि पुढची वीस मिनिटे फिल्टरकडे बघत नाही. काट्यावर तोलून करणारे माझ्या या चमच्यांना हसतील, आणि त्यांचे बरोबरच आहे. परंतु ज्याला वीस मिनिटे धीर धरवत नाही, त्याला काटाही उपयोगी पडत नाही.

तयार डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. गरम हवे असेल, तर दूध गरम करावे.

काळा, तेलकट दाणा म्हणजे कडक कॉफी, हा समज

दाणा काळा होऊन त्यावर तेल सुटेपर्यंत भाजला, की बागेचा, जातीचा आणि उंचीचा फरक जवळजवळ पुसला जातो आणि उरते ती भाजणीची चव. आधीच सौम्य असलेल्या अरेबिकाचे यात विशेष नुकसान होते. कडकपणा हवा असेल तर पूड वाढवावी. दाणे जाळून तो मिळत नाही. या प्रदेशाच्या दाण्यांसाठी मी मध्यम भाजणी मागतो आणि दुकानदाराने ‘दुधात हरवेल’ असे बजावले तरी ऐकत नाही.

मिरी, वेलची आणि सात दाण्यांच्या कथा

सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात, बागेत वेलचीही दिसते, म्हणून त्यांचा स्वाद मुळांवाटे कॉफीच्या दाण्यात मुरतो, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. हा विक्रीचा मसाला आहे. कपात जी मसालेदार छटा येते तिचे धागेदोरे जात, जमीन, फळावरची प्रक्रिया आणि भाजणी यांत शोधावेत. या भागात फार दिसणारी एस.७९५ ही जात बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात एस.२८८ आणि केंट या दोन जातींच्या संकरातून तयार झाली आणि १९४० च्या दशकात बागांमध्ये आली. बाळेहोन्नूरचे हे केंद्र १९२५ पासून कॉफीवर संशोधन करीत आहे, आणि पर्यटकांच्या गाड्या त्याच्यावरून न थांबता पुढे जातात.

सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनमधील मोखाहून सात दाणे लपवून आणले, ही आख्यायिका सुंदर आहे आणि डोंगराला त्यांचे नाव आहेच. परंतु ‘त्याच झाडांची कॉफी’ म्हणून कोणी चढा भाव सांगू लागला, तर तेथून निघावे. तांबेरा रोग आणि खोड पोखरणारी कीड यांनी जुन्या जातींचा एकोणिसाव्या शतकातच मोठा फडशा पाडला आणि बागांची लागवड पुढे पुन्हा पुन्हा बदलत गेली.

किरकोळ, पण रोजच्या

कूर्ग (कोडगू) आणि चिकमगळूर हे कर्नाटकातले दोन वेगळे जिल्हे आहेत, ते एकच समजू नयेत. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका आणि बाबाबुडनगिरी अरेबिका यांना स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली आहेत. कूर्गमध्ये रोबस्टा मोठ्या प्रमाणावर होते आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते, त्यामुळे नुसते गावाचे नाव वाचून पाकीट उचलू नये.

‘प्लँटेशन ए’ हे बागेचे नाव नव्हे. साल काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाची ती आकारानुसार ठरवलेली प्रत आहे. ‘चेरी’ म्हणजे सालीसकट वाळवलेल्या फळांतून काढलेले दाणे. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोन चपट्यांऐवजी तयार झालेला एकच गोल दाणा. त्यासाठी जादा पैसे मोजणे हा हौसेचा भाग आहे.

‘मान्सून्ड मलबार’ पिऊन चिकमगळूरवर मत देऊ नये. ते दाणे किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी हवेत मुद्दाम फुगवलेले असतात. त्यांचा आंबटपणा जातो आणि त्या प्रक्रियेचीच चव वरचढ ठरते.

पूड फ्रिजमध्ये ठेवू नये. डबा आत-बाहेर करताना ओल धरते आणि शेजारच्या पदार्थांचा वास लागतो. हवाबंद डबा, अंधारे कपाट आणि दोन आठवड्यांपुरतीच खरेदी, एवढे पुरते.

शेवटची चूक भर पावसात बागा बघायला जाऊन ‘ताज्या पिकाची’ कॉफी आणणाऱ्यांची. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, त्यानंतर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी यांत वेळ जातो. जुलै-ऑगस्टमध्ये झाडावर फक्त हिरवी फळे असतात. त्या दिवसांत दुकानात उभे राहून विचारण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे दाणे भाजल्याची तारीख, आणि ती सांगता न येणाऱ्या दुकानातून मिरी घ्यावी, कॉफी घेऊ नये.