कॅमेऱ्यातला व्हिडिओ लॅपटॉपवर अडकतोय? कार्ड फॉरमॅट करायच्या आधी हे बघा

पाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वरच्या स्वागतयात्रेत ढोलताशा शूट केला, घरी येऊन लॅपटॉपवर लावला तर टिपरू वर दिसतं ते एकदम ढोलावरच, मधलं गायब, आणि आवाज मात्र एकदम ओके. मला वाटलं कार्डच गेलं, वर्षभराने येणारा दिवस, पोटात गोळाच आला.

तर पहिलं काम, तीच क्लिप कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लावा. तिथे स्मूथ चालली की फाईल बहुतेक ठणठणीत आहे, दुखणं लॅपटॉपकडे आहे. माझं तसंच निघालं.

मग फाईल लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा, कार्डवरून किंवा केबल लावून थेट चालवू नका. फोरकेला सेकंदाला १०० मेगाबिटची सेटिंग असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी वाचावे लागतात, जुना कार्ड रीडर तिथेच धापा टाकतो.

तरी अडकतंय? मग खरा मुद्दा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाईलमध्ये बसवायच्या पद्धतीचा. बरेच नवे कॅमेरे एच.२६५ या कोडेकमध्ये शूट करतात, फाईल लहान होते पण ती उलगडायला प्रोसेसरला जाम मेहनत पडते, त्यात टेन-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारी सेटिंग) असेल तर बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते झेपतच नाही. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू १०० टक्क्यांना टेकलेला आणि जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, व्हिडिओ डिकोड शून्यावर असेल तर कारण सापडलं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग (उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं) ऑटोमॅटिक करा, आधीच तसं असेल तर एकदा बंद करून बघा, कधीकधी उलटंच लागू पडतं.

एवढं करूनही नाही जमलं तर हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्यात फाईल हलक्या एच.२६४ कोडेकमध्ये, १०८०पीला बदला, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम्स) सोर्सएवढाच ठेवा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. ओरिजिनल मात्र डिलीट करू नका प्लीज, उद्या चांगला लॅपटॉप आला की तीच फाईल मस्त चालेल.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. उन्हात कॅमेरा ऑटोवर असला की शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या वर जातो, मग प्रत्येक फ्रेम कडक शार्प आणि हालचाल झटक्याझटक्याने दिसते, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सुद्धा. हे लॅपटॉप बदलून जाणार नाही. २५ फ्रेम्सला शटर १/५० ठेवा आणि ऊन जास्त असेल तर लेन्सला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावा.