सोफ्याशेजारचे टेबल निवडताना या चुका टाळा

सोफा घेताना घरातील चार माणसे दुकानात त्यावर बसून पाहतात, त्याच्या शेजारचे लहान टेबल मात्र उभ्याउभ्याच पसंत केले जाते, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. हे टेबल वापरतो तो बसलेला माणूस, तोही बहुधा तिकडे न पाहता, बोलता बोलता हात लांबवून.

सर्वांत महाग पडणारी चूक उंचीची आहे. सोफ्याचे हात साधारणपणे जमिनीपासून 22 ते 26 इंच उंच असतात आणि टेबलाचा वरचा भाग त्यांच्या बरोबरीने किंवा एक-दोन इंच खाली असावा लागतो. आमच्याकडे पितळी काठाचे एक देखणे गोल टेबल आले, ते 18 इंचांचे होते आणि सोफ्याचा हात 25 इंचांचा. बशी ठेवायची म्हणजे पाहुण्याला सोफ्याच्या हातावरून खाली वाकावे लागे, त्यात कप कलंडून चहा बशीत सांडे. महिन्याभरात सगळे कप सोफ्याच्या हातावर आणि टेबलावर रद्दी, अशी वाटणी होऊन गेली. फार उंच टेबलाचे दुखणे उलटे असते, कारण तिथे कोपराच्या धक्क्याने पाण्याचा पेला खाली जातो. दिवाणाला हात नसल्यामुळे मोजमाप गादीवर कोणाला तरी बसवून, ती दबल्यानंतरच घ्यावे. गादी-लोडांची बैठक असेल, तर टेबलापेक्षा घरातला चौरंगच अधिक सोयीचा ठरतो.

टेबल आधीच घेतलेले असेल आणि ते दोन-तीन इंच कमी पडत असेल, तर सुताराकडून पायांखाली ठोकळे बसवून घेता येतात. त्याहून जास्त उंची वाढवू नये, कारण मग टेबल डगमगते. लाकडी पाय कापून उंची कमी करणेही शक्य असते.

दुसरी चूक जागेची. टेबलाचे पुढून मागेपर्यंतचे माप सोफ्याच्या त्याच मापापेक्षा जास्त असू नये आणि बाल्कनीकडे किंवा आतल्या खोलीकडे जाण्यासाठी किमान अडीच फूट वाट मोकळी राहावी. वर्तमानपत्र टेबलाच्या मापाने कापून दोन दिवस जमिनीवर चिकटवून ठेवले, की कोणाचा पाय कुठे पडतो हे खरेदीपूर्वीच कळते.

टेबल डुगडुगत असेल, तर कागदाची घडी पायाखाली सारण्याआधी ते जागच्या जागी पाव फेरा फिरवून पाहावे. तोच पाय अधांतरी राहिला तर दोष टेबलाचा, दुसरा उचलला गेला तर फरशीचा. तीन पायांचे टेबल असे कधीच डुगडुगत नाही. मात्र दोन पायांमधल्या कडेवर भार पडला की ते सरळ उलटते, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात ते नकोच.

साहित्य निवडताना रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीचा विसर पडतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू वा भुसा दाबून केलेल्या फळ्या, यांच्या पायांत पाणी शिरले की ते खालून फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. म्हणून अशा टेबलाला धातूचे पाय किंवा निदान रबरी बूट असावेत. संगमरवराला पाण्याचे भय नसले, तरी लिंबाच्या वा कोकमाच्या सरबताचे असते. आम्लाने त्याची चकाकी खरवडली जाते, तो डाग नसतोच, त्यामुळे कितीही पुसले तरी जात नाही आणि पॉलिशवाल्याला बोलवावे लागते.

लाकडी टेबलावर गरम कपाचे वर्तुळ उमटले, तर प्रथम त्याचा रंग पाहावा. पांढुरके वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा, तो बऱ्याचदा वाळून फिका होतो, म्हणून दोन-चार दिवस थांबावे. काळे वर्तुळ मात्र लाकडापर्यंत उतरलेले असते आणि तिथे घासून नवे पॉलिश करण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.