कुत्र्याला जर्मनीला न्यायचंय? तिकिटाआधी कॅलेंडर काढा

नोकरीचं पत्र हातात पडलं की माणसं आधी व्हिसाच्या मागे लागतात, मोती किंवा मनी शेवटी आठवते. तिथेच गणित चुकतं. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ ज्या देशांना सवलत देतो, त्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना रक्ततपासणी सक्तीची आहे, आणि खरा वेळ तीच खाते.

क्रम असा: आधी १५ अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप), मग रेबीजची लस. आधी लस दिली आणि चिप नंतर बसवली, तर ती लस धरतच नाहीत. पुन्हा टोचावी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या अँटीबॉडीजचं, प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवं. त्यानंतर ३ महिने थांबणं आलंच, पण ते रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवालाच्या नव्हे. म्हणजे सुरुवातीपासून धरले तर चार महिने कुठेच गेले नाहीत. पिल्लाला लस १२ आठवड्यांनंतरच चालते, तेव्हा सात महिन्यांच्या आतलं पिल्लू विसरा.

बूस्टरची तारीख मात्र एक दिवसही चुकवू नका, नाहीतर रक्ततपासणी आणि ३ महिने पुन्हा पहिल्यापासून.

सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र पोहोचण्याआधीच्या १० दिवसांतलं लागतं. पिटबुल किंवा बुल टेरियर असेल, तर जर्मनीचे नियम आधी वाचा. त्या जातींना तिथे आणायला बंदी आहे.