सेल्फ फिरतो, पण गाडी पेटत नाही

जालन्यात २२ वर्षं पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क असलेल्या) जुन्या गाड्या दुरुस्त करतोय, म्हणून कळकळीने सांगतो: लगेच कार्बोरेटर खोलू नका. पेट्रोल कुठे गळत नाही ना, तेवढं बघा. मग डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातली मधली वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरून टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून ५-६ मिमीवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. टकटक निळी ठिणगी उडाली तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) ठीक. मग टोपण उलटं करून उन्हात धरा. आत केसाएवढी काळी रेघ दिसली की ते बदलाच.

ठिणगीच नाही? चावी लावून कॉइलच्या प्लसवर टेस्ट लॅम्प (वीज येते का दाखवणारा छोटा दिवा) धरा. पेटला तर टोपणाखालचे पॉइंट बघा, काजळलेले असतात. बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा, पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४५ मिमी ठेवा.