या चुका टाळा : डाल उंदीर, मीठ आणि जनुकं

दरवर्षी कुणीतरी नवीन विद्यार्थी एक आलेख घेऊन येतो. मिठाने बीपी वाढणारे 'एस' उंदीर एका बाजूला, न वाढणारे 'आर' उंदीर दुसऱ्या बाजूला, आणि मधे कुठल्यातरी जनुकाच्या पातळीतला ठसठशीत फरक. "सर, जनुक सापडलं!"

नाही सापडलं. या घाईची मला खरोखर चीड येते, कारण हे उंदीर तयार कसे झाले एवढं वाचलं तरी चूक टळते. लुइस डाल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत स्प्राग-डॉली या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाच्या उंदरांना ८ टक्के मिठाचं खाद्य दिलं. काहींचं बीपी खूप चढलं, काहींचं जेमतेम. चढलेल्यांची चढलेल्यांशी आणि न चढलेल्यांची न चढलेल्यांशी पैदास करत त्यांनी एस आणि आर हे दोन वाण वेगळे काढले. हे काम १९६२ साली प्रसिद्ध झालं. पुढे ओहायोतल्या टोलेडो इथे जॉन रॅप यांनी त्यांचे अंतःप्रजनित (जवळच्या नात्यातच पैदास करून जनुकांनी एकसारखे केलेले) वाण केले. आता विचार करा: इतक्या पिढ्या वेगळ्या वाढलेल्या दोन वाणांमध्ये बीपीशी काडीचाही संबंध नसलेले किती फरक साठले असतील? त्यातला एक तुमच्या हाती लागला, एवढंच.

मग करायचं काय? एस आणि आर यांचा संकर करा, नातवंडांची पिढी घ्या, प्रत्येकाला मीठ द्या, प्रत्येकाचं बीपी मोजा, आणि बघा की एसकडून आलेली जनुकाची प्रत बीपीबरोबर चालते का. रॅप यांच्या गटाने १९८९ मध्ये रेनिनच्या (बीपीच्या नियमनात भाग घेणाऱ्या, मूत्रपिंडातल्या विकराच्या) जनुकाबाबत हेच केलं. एसची एक प्रत असेल तर बीपी पाऱ्याच्या साधारण १० मिमीने जास्त, दोन असतील तर साधारण २० मिमीने. तरीही त्यांनी लिहिलं की कारण रेनिनचं जनुक असेल किंवा त्याला अगदी चिकटून असलेलं दुसरं. ज्यांच्याकडे एवढा पुरावा होता त्यांनी एवढं जपून लिहिलं. तुम्ही दोन स्तंभांच्या आलेखावर कसली घोषणा करता? विस्कॉन्सिनच्या गटाने तर एस उंदरात ब्राऊन नॉर्वे या दुसऱ्याच वाणाचं १३ वं गुणसूत्र अख्खं बसवलं. मिठाने चढणारं बीपी बरंच उतरलं. पण अख्ख्या गुणसूत्रावर शेकडो जनुकं असतात, म्हणून नंतर लहान लहान तुकडे बसवून शोध घ्यावा लागला. याला वर्षं जातात, आणि ती द्यावी लागतात.

दुसरी चूक खाद्याची. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका विद्यार्थिनीचे एस उंदीर तीन आठवडे ४ टक्के मिठावर होते आणि बीपी हवं तसं चढेना. ती रडकुंडीला आली. सगळ्यांचा संशय जनुकांवर. दोन आठवडे पीसीआर करण्यात, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांच्या प्रती काढून ते तपासण्यात, गेले. मार्कर, म्हणजे वाण ओळखायच्या डीएनएवरच्या खुणा, सगळे बरोबर. शेवटी मी खाद्याच्या खोलीत जाऊन गोणी उघडून पाहिली. आधीच्या प्रयोगांत केसीनचं (दुधातल्या प्रथिनाचं), शुद्ध घटकांचं खाद्य होतं. ते संपलं म्हणून कुणीतरी धान्याच्या साध्या खाद्यात मीठ कालवलं होतं. मिठाचा टक्का तोच, पण धान्याच्या खाद्यावर एस उंदरांचं बीपी आणि मूत्रपिंडाची हानी दोन्ही कमी राहतात. आईने गरोदरपणात आणि दूध पाजताना काय खाल्लं याचाही पिल्लांवर परिणाम होतो. तेव्हापासून गोणीवरचं लेबल कापून वहीत चिकटवल्याशिवाय मी प्रयोग सुरू होऊ देत नाही.

लेबलवर मीठ लिहिलंय की सोडियम, तेही बघा. ४ टक्के मीठ म्हणजे जेमतेम १.६ टक्के सोडियम.

कमी मिठाचा गट ०.४ टक्क्यावर ठेवा. प्राणीगृहातलं रोजचं खाद्य 'कमी मिठाचं' धरू नका.

नर-मादी एकाच गटात घालू नका. आणि क्योटोत तयार झालेले एसएचआर (आपोआप बीपी वाढणारे) उंदीर डाल उंदरांच्या जागी वापरू नका. त्यांचं बीपी जादा मिठाशिवायच वाढतं.

टेल-कफबद्दल, म्हणजे शेपटीला पट्टा लावून बीपी मोजण्याबद्दल, मी हट्टी आहे. पहिले दहा दिवस आकडे लिहायचेच नाहीत. फक्त सवय लावायची, रोज त्याच वेळी, त्याच माणसाने. घाबरलेल्या उंदराचं बीपी म्हणजे त्याच्या भीतीचं माप. पैसे असतील तर सरळ टेलिमेट्री (शरीरात बसवलेलं, बीपीचे आकडे बाहेर पाठवणारं यंत्र) लावा.

राहता राहिली वाणाची शुद्धता. वरच्या प्रसंगात संशय खोटा ठरला म्हणून तो कायमचा सोडायचा नसतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या एस उंदरांमध्ये परक्या वाणाची जनुकं मिसळल्याचं १९९४ मध्ये छापून आलं होतं, आणि तोवर ते उंदीर अनेक प्रयोगशाळांत वापरले गेले होते. आमच्याकडे नवी खेप आली की दोन-तीन जनावरांच्या शेपटीचा टोकाचा तुकडा घेऊन मार्कर तपासतो, आणि उरलेला तुकडा खेपेची तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवतो. शेवटचा पेपर छापून येईपर्यंत तो कुणीही टाकायचा नाही.