वृद्धत्वावर प्रकल्प करताय? 'देवाचं नाव घ्यायचं' हे वाक्य जपून वापरा

एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) ज्यांनी ज्येष्ठ नागरिक हा विषय घेतलाय, त्यांच्यासाठी लिहितेय. सिद्धांत तुम्हाला पाठ असणार. कमिंग आणि हेन्री, 1961: वय वाढतं तसा माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो आणि ते दोघांच्याही सोयीचं असतं, हा अलिप्ततेचा सिद्धांत. हॅविगहर्स्ट म्हणतो, जो कामात-माणसांत गुंतलेला तोच समाधानी. ॲचली सातत्य सांगतो, म्हणजे माणूस म्हातारपणीही आपल्या जुन्याच सवयी आणि नाती पुढे चालवतो. पेपरला एवढं पुरतं, फिल्डवर्कला अजिबात पुरत नाही.

सगळ्यात जास्त मुलं कुठे फसतात ते सांगते, कारण माझं एक अख्खं प्रकरण त्यापायी परत लिहावं लागलं. मुलाखतीत आजी कधी ना कधी म्हणतातच, "आता काय राहिलंय बाळा, देवाचं नाव घ्यायचं." की आपण लगेच वहीत लिहितो, अलिप्तता. मग वानप्रस्थाश्रमावर एक परिच्छेद जोडायचा. भारतीय संदर्भ आला, मार्गदर्शक खूश.

थांबा. त्या वाक्यानंतर पुढचा प्रश्न विचारा: बाहेर जाणं कधीपासून कमी झालं आणि त्या सुमारास घरात काय घडलं? मग कळतं की भजनाची आवड तशीच आहे, पण देवळाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. वाटेत लघवीची सोय नाही. नीट ऐकू येत नाही, भलतंच उत्तर दिलं की लोक हसतात, त्यापेक्षा न गेलेलं बरं. आणि नवरा गेला तेव्हापासून हळदीकुंकवाचं बोलावणंच बंद झालं. यातल्या शेवटच्या कारणावर जरा रेंगाळा. तिथे आजींनी अंग काढलेलं नाही, गल्लीने त्यांना वगळलंय. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात घातल्या तर तिच्यावर झालेला अन्याय तुम्ही 'नैसर्गिक प्रक्रिया' म्हणून नोंदवलात.

कमिंग आणि हेन्रींचा मूळ अभ्यास कुणावर झाला तेही बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली पन्नाशीपुढची माणसं, तब्येतीने बरी, पैशाला कुणावर अवलंबून नसलेली. त्याच शहरातल्या त्याच अभ्यासाची माहिती वापरून हॅविगहर्स्ट, न्यूगार्टन आणि टोबिन वेगळ्या निष्कर्षाला आले: माणसाचा स्वभाव कसा आहे यावर बरंच अवलंबून असतं. 1975 मध्ये आर्ली हॉकशिल्डने तर दाखवून दिलं की या अलिप्ततेच्या सिद्धांताला चूक ठरवायला जागाच ठेवलेली नाही. जो अलिप्त होत नाही त्याला अपवाद म्हटलं की काम झालं. गाइडांमधल्या तुलनात्मक तक्त्यांत यातलं काही नसतं. ते तक्ते नेट परीक्षेसाठी ठेवा, प्रकल्पात आणू नका. माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा शॉर्टकट विरंगुळा केंद्राचा. सगळे तिथेच जातात, कारण खुर्ची मिळते, चहा मिळतो, माणसं बोलकी असतात. पण तिथे बहुतेक पेन्शनवाले पुरुष भेटतात आणि हॅविगहर्स्ट हमखास खरा ठरतो. सत्तरीतही धुणीभांडी करणारी किंवा खुरपायला जाणारी बाई कोणत्या कामातून निवृत्त होणार? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये, तेही वयाची 65 वर्षं झाल्यावर आणि कागदपत्रं जुळली तर. तिचं 'सक्रिय' असणं आणि सकाळी हास्यक्लबला जाणाऱ्या काकांचं सक्रिय असणं एका आकड्यात मिळवू नका. गुगल फॉर्म तर नकोच. तो नातू भरतो.

वयाचंही तेच. आधार कार्डावरचं वय अंदाजे लावलेलं असू शकतं. पानशेत फुटलं तेव्हा (1961) तुम्ही केवढ्या होतात, कोयनेच्या भूकंपात (1967) लग्न झालं होतं का, 72 च्या दुष्काळात कितवं मूल होतं, असं विचारलं की वय बरोबर लागतं आणि गप्पाही सुरू होतात. हे मला कुठल्या प्राध्यापकांनी नाही, गावातल्या आशाताईंनी शिकवलं. मार्गदर्शक निवडताना मोठं नाव बघू नका. तुमच्याबरोबर एकदा तरी वस्तीत येईल असं माणूस शोधा.

म्हाताऱ्या माणसांकडे बघायचा लोकांचा दृष्टिकोन मोजायला कोगनची 1961 ची प्रश्नावली घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: वडीलधाऱ्यांविषयी वाईट बोलायचं नाही हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं, त्यामुळे गुण छान येतात. रॉबर्ट बटलरने 1969 मध्ये ज्याला एजिझम (वयावरून होणारा भेदभाव) म्हटलं, ते आपल्याकडे बरेचदा आदराच्या भाषेत येतं. "तुम्ही बसा हो आजी, आम्ही बघतो," असं म्हणून बँकेचं पासबुक काढून घेतलं जातं. फिस्के आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हाच साचा मांडला होता: म्हातारी माणसं प्रेमळ, पण कर्तबगारीत कमी. प्रश्नावलीच्या जोडीला घरातले निर्णय कोण घेतं, एवढं तरी विचाराच.

सून शेजारी बसून उत्तरं देत असेल तर भांडू नका. तिचंही ऐकून घ्या, तिची दमणूक खरी असते. मग दुसऱ्या दिवशी आजी शेंगा निवडत असतील तेव्हा जा. पहिल्या काही मुलाखती वाया गेल्यासारख्या वाटतील. वाटू द्या, त्या टाकू नका. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीने लिहा की कोण समोर बसलं होतं आणि कुठला प्रश्न राहिला. परत गेलात तर आजी ओळखतात, आणि बहुतेक वेळा स्वतःहून बोलायला लागतात.